रंगपंचमी फाल्गुनातली की चैत्रातली?

प्रश्न असा: इंदूरच्या एका घरी रंगपंचमीच्या जेवणाची पत्रिका मराठीत छापायची आहे. भिंतीवरच्या हिंदी पंचांगात ‘चैत्र कृष्ण पंचमी’ आहे, कालनिर्णयात ‘फाल्गुन वद्य पंचमी’. मग पत्रिकेत ‘चैत्र वद्य पंचमी’ घातलं तर चालेल का?

नाही चालणार. चूक अख्ख्या महिन्याची होईल.

दिवस एकच आहे, इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तोच. फरक आहे तो महिना कधी संपतो याचा. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्रात तो अमावास्येला संपतो, म्हणून अमान्त. माळव्यासकट उत्तरेत पौर्णिमेला संपतो, म्हणून पौर्णिमान्त. होळी पेटली की शेजाऱ्यांचा फाल्गुन संपतो; आपला मात्र निम्मा उरलेला असतो.

शुद्ध पक्षात भांडण नाही. पाडवा, रामनवमी जुळतात. आपली चैत्रगौर बसते त्याच तृतीयेला इथली गणगौर असते. बिनसतं ते वद्य पक्षात. महाशिवरात्र आपली माघातली, उज्जैनला महाकालाच्या दारी तीच फाल्गुनातली. रंगपंचमीनंतर दोन दिवसांनी माळव्यात शीतला सप्तमीचं शिळं खातात, तेव्हा त्यांचा चैत्र आणि आपला फाल्गुनच चालू असतो. गोकुळाष्टमीचंही तेच, आपला श्रावण आणि त्यांचा भादो, म्हणजे भाद्रपद.

‘वद्य’ हा हिंदीतल्या ‘बदी’चा भाऊबंद. अर्थ ‘कृष्ण’ इतकाच, म्हणून शब्दाजागी शब्द ठेवायचा मोह होतो. पण ‘चैत्र वद्य’ वाचलं की मराठी माणूस अमान्त चैत्रच धरतो. तुमचे नाशिकचे पाहुणे त्या तिथीवर विसंबले, तर हनुमान जयंती उरकून येतील!

पौर्णिमान्तात आणखी एक गंमत आहे. होळीनंतर चैत्र लागतो खरा, पण संवत् जुनंच राहतं. नवं लागतं पंधरवड्याने, पाडव्याला. म्हणजे वर्ष बदलतं ते महिन्याच्या मध्यावर. मला आपलीच पद्धत सुटसुटीत वाटते, पण हे इंदूरच्या सराफा बाजारात उभं राहून मोठ्याने बोलू नये.

तेव्हा मराठी मजकुरात ‘फाल्गुन वद्य पंचमी’च छापा. हिंदी पत्रिकाही काढणार असाल तर तीत ‘चैत्र कृष्ण पंचमी’ बरोबर. शके घालायचा तर जुना, कारण पाडवा अजून यायचा असतो. आणि इंग्रजी तारीख ठळक टाका. जेवायला लोक तीच बघून येतात.