2013 चा वाय-फायवाला ब्लू-रे प्लेअर ओटीटी आणि घरचे व्हिडिओ बघायला चालेल का, की टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घेऊन तो टाकून द्यावा?

ओटीटी विसरा. हॉटस्टार आलं 2015 ला, झी फाइव्ह 2018 ला. तुमचा प्लेअर त्याआधीचा. त्यात आपल्या मर्जीने अ‍ॅप टाकता येत नाही, कंपनी देईल तेवढंच, आणि कंपन्यांनी त्या मॉडेलांकडे बघणं केव्हाच सोडलं. एप्रिल 2015 मध्ये यूट्यूबने जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा 2012 आणि त्याआधीच्या कितीतरी टीव्ही-प्लेअरांवरून यूट्यूबच गेलं. ओटीटीला स्टिक घ्या.

पण ते ‘टाकून द्यावा का’ वाचलं आणि राहवलं नाही.

आमचे धाकटे दीर आयटीत. त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीवर त्यांचा वडिलोपार्जित हक्क. ‘‘वहिनी, भंगारात द्या तो डबा. सगळं क्लाउडवर आहे,’’ हे मी आमच्या ब्लू-रे प्लेअरबद्दल दर दिवाळीला ऐकलंय. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला सगळे कराडला जमले, तेव्हा त्यांना सासऱ्यांची एकसष्टी बघायची होती. 2007 चं शूटिंग, मिनी-डीव्हीच्या छोट्या कॅसेटवर केलेलं, व्हिडिओवाल्याने डीव्हीडी करून दिलेली. दिरांनी क्लाउडवरून फोनवर आणि फोनवरून टीव्हीवर लावलं. अपलोड करताना फाइल इतकी दाबली होती की सासरे बसलेत का त्यांचं पोतं ठेवलंय, कळेना. त्यात पाऊस, नेट गेलं. पडद्यावर गोल फिरतोय आणि पंधरा माणसं त्याच्याकडे बघतायत. सासूबाई म्हणाल्या, ‘‘राहू दे रे, पानं घ्या.’’

‘‘भाऊजी, जरा सरका,’’ म्हटलं आणि माझा पेनड्राइव्ह त्या डब्याला लावला. मोदकाचं सारण ज्यांनी कौतुकाने खाल्लं, त्यांनीच तोंडात बोट घातलं, कारण वहिनीला हे जमतं हे कुणाच्या गावी नव्हतं.

त्यामागची तयारी तुमच्या कामाची. डीव्हीडीतल्या व्हीओबी, म्हणजे व्हिडिओच्या, फाइली साधारण एकेक जीबीचे तुकडे असतात. तशाच कॉपी केल्या तर कित्येक प्लेअर दर तुकड्याला थांबतात. मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरने एकच एमकेव्ही फाइल करा, दर्जा तसाच राहतो. पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि भरलेली डीव्हीडी नेमकी थोडक्यात अडते, म्हणून तो एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करा. नाव रोमनमध्ये द्या. आमच्या प्लेअरवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात. हॅंडीकॅमच्या एमटीएस फाइली बहुतेक प्लेअर थेट घेतात. आयफोनवर 2017 पासून येणारे एचईव्हीसी या नव्या प्रकारचे व्हिडिओ मात्र घेणार नाहीत, हॅंडब्रेक या सॉफ्टवेअरने ते जुन्या एच-264 प्रकारात करून घ्या. कॉम्प्युटरवरचं फोल्डर डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून, प्लेअरवर उघडायचं असेल तर लॅन केबल लावा. हॅंडीकॅमचं एव्हीसीएचडी चित्रीकरण सेकंदाला 24 ते 28 मेगाबिटपर्यंत जातं, जुनं वाय-फाय त्याला धापा टाकतं.

आणि जुनं इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी बनलेलं, चित्र प्लेअरच नीट दाखवतो. आमच्या स्टिकवर त्याच फाइलीत ओवाळणाऱ्या हातांच्या कडा दातेरी दिसतात. हे मी शेजारी शेजारी लावून दाखवलं, तरी दिरांचं म्हणणं, ‘‘एवढं कोण बघतं?’’ त्यांची आई बघते.

हो, एक राहिलं. तुमच्या प्लेअरला एनटीएफएस चालतं का हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, काहींना फक्त फॅट-32 कळतं; मग फाइलीचे दोन भाग करावे लागतील. अमेरिकेत घेतलेला प्लेअर असेल तर आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडी बऱ्याचदा चालतच नाहीत. आणि घरात एकही डिस्क नसेल तर हे सगळं तुम्हाला लागू नाही. नवा प्लेअर तर मुद्दाम घेऊच नका. सॅमसंगने 2019 मध्येच नवे प्लेअर काढणं थांबवलंय.

मूळ डिस्का मात्र कॉपी झाल्यावरही स्वतःकडे ठेवा, ‘अपलोड करून देतो’ म्हणणाऱ्याला देऊ नका. आमच्या मोठ्याच्या मुंजीची डीव्हीडी अजून दिरांकडेच आहे, आणि क्लाउडवर ती कुठल्या फोल्डरात आहे हे त्यांनाही सापडत नाहीये.