वाचक विचारतात: मुंग्यांच्या वारुळात वाढणारं फुलपाखरू

प्रश्न : ‘लार्ज ब्लू’ फुलपाखराची अळी वारुळात राहते म्हणे. मग मुंग्या तिला खात कशा नाहीत? आणि कुरणाला कुंपण घालूनही हे फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं का झालं?

उत्तर : मादी थाइम या सुगंधी झुडपाच्या कळ्यांवर एकेक अंडं घालते. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते, शेवटची कात टाकून संध्याकाळी जमिनीवर उतरते. तेव्हा ती जेमतेम ३-४ मिलिमीटरची असते. मुंगीने स्पर्श करताच पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब सोडते, मग अंग फुगवून पाठ उंचावते. गंधही मुंगीच्या पिल्लासारखाच! मुंगी तिला आपलंच हरवलेलं पिल्लू समजून घरी उचलून नेते. तिथे ही पाहुणी दहा महिने मुंग्यांचीच पिल्लं खाते. जवळजवळ सगळं वजन तिथेच वाढतं. एका वारुळात अळ्या जास्त झाल्या, की अन्न संपून त्या उपाशी मरतात. कोषही वारुळातच होतो. जून-जुलैत फुलपाखरू सरपटत बाहेर येतं आणि गवताच्या काडीवर चढून चुरगळलेले पंख पसरतं.

कुंपणाने फुलपाखरं पकडणारे संग्राहक अडले, पण गुरंही अडली. त्यात १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या रोगाने गवत खाणारे ससे मेले. गवत काही सेंटिमीटर वाढलं तरी जमीन गार पडते आणि ऊब लागणारी ‘मिर्मिका सॅब्युलेटी’ ही मुंगी हटते. दुसऱ्या जातीच्या वारुळात अळी क्वचितच तगते. १९७९मध्ये ब्रिटनमधलं हे फुलपाखरू संपलं. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी हे कोडं उलगडल्यावर चराई पुन्हा सुरू झाली आणि स्वीडनहून फुलपाखरं आणून वसवली गेली.