दुर्मिळ सुपरकार दान करताय? आधी हे बघा

गाडी दान करायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. पण किल्ली थेट संस्थेच्या हातात देऊ नका; अशी गाडी सांभाळणं, विकणं त्यांना झेपत नाही. आधी लिलावगृहाशी बोला आणि दानासाठी कमिशन सोडाल का, हे बिनधास्त विचारा. 2016 साली फेरारी कंपनीची 500वी ‘लाफेरारी’ सुपरकार इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी अशीच लिलावात गेली, 70 लाख डॉलर उभे राहिले.

खरी किंमत कागदपत्रांत असते. सर्व्हिसची प्रत्येक पावती, मूळ टूलकिट, दुसरी किल्ली, इंजिन-चासी क्रमांक जुळल्याचा दाखला, सगळं एकत्र लावा. आणि कृपा करून नवा रंग मारू नका! बंपरवरचे खडीचे बारीक टवके राहू देत, संग्राहक मूळ रंगालाच जास्त मोजतात. पैसा कुठल्या कामाला जाईल, ते संस्थेकडून लेखी घ्या. करसवलतीचं सल्लागाराला आधीच विचारा.