द्राक्षमळ्यांतून एकट्याने गाडी चालवताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशातून एकट्याने गाडी चालवत फिरण्याविषयी जी पत्रे येतात, त्यांत एक समजूत पुन्हापुन्हा डोकावते : वाइनरीत चाखलेले चार घोट म्हणजे काही पिणे नव्हे. ही समजूत घातक आहे, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले आहे. बाकीची उत्तरे गरजेपुरती आहेत.

प्रश्न : द्राक्षतोडणीच्या हंगामात जावे का?

तोडणी पाहायची असेल तर जावे, निवांत टेस्टिंग, म्हणजे वाइन चाखणे, हवे असेल तर टाळावे. उत्तर गोलार्धात तोडणी साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चालते. तेव्हा अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टरांची ये-जा असते आणि लहान वाइनऱ्यांना पाहुण्यांसाठी सवड नसते. आधी विचारून वेळ ठरवावी.

प्रश्न : एका संकेतस्थळावर दहा वर्षे चालणारा ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ मिळतो. घ्यावा का?

मुळीच घेऊ नये. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तुमचा मूळ परवाना ज्या देशाचा आहे, तेथील अधिकृत यंत्रणेकडूनच मिळते. रस्तेवाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार त्याची मुदत एक वर्षाची असते आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार जास्तीत जास्त तीन वर्षांची. दहा वर्षांचे आमिष ही फसवणूक आहे. खरे परमिटसुद्धा मूळ परवाना सोबत नसेल तर निरुपयोगी ठरते. कोणत्या कराराचे परमिट चालेल, हे संबंधित देशाच्या दूतावासाकडे आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे लेखी विचारून घ्या.

प्रश्न : मी प्रत्येक ठिकाणी फक्त चव घेते, मधूनमधून पाणी पिते आणि शेवटी कॉफी घेते. मग गाडी चालवायला हरकत नसावी ना?

हरकत आहे. टेस्टिंगमध्ये एका वेळी साधारण ३० ते ६० मिलिलिटर वाइन ओततात. ४५ मिलिलिटर धरले आणि वाइनमध्ये अल्कोहोल १३ टक्के असेल, तर एका नमुन्यातून साडेचार ग्रॅमहून थोडे अधिक अल्कोहोल पोटात जाते आणि सहा नमुन्यांतून जवळपास २८ ग्रॅम. यकृत तासाला साधारणपणे ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल निकाली काढते, म्हणजे एकाच वाइनरीतले सहा नमुने शरीराबाहेर जायला तीन ते चार तास लागतात. दिवसात तीन वाइनऱ्या केल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करतानाही रक्तात अल्कोहोल शिल्लक असू शकते, आणि याचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही. कॉफीने झोप उडते, यकृताचा वेग वाढत नाही. पाणी, गार आंघोळ किंवा भरपेट जेवण यांनीही प्यायलेले लवकर उतरत नाही. वजन सारखे असले तरी स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सहसा कमी असल्याने तेवढ्याच वाइनने त्यांच्या रक्तातील पातळी अधिक चढते, हे तुम्ही विशेष ध्यानात घ्यावे.

कायदाही सर्वत्र सारखा नाही. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि पोर्तुगालमध्ये सर्वसाधारण मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे, कॅलिफोर्नियात ती ८० आहे आणि टोकाय वाइनच्या हंगेरीत शून्य. परंतु मर्यादेच्या आत असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, कारण अंदाज आणि निर्णयशक्ती त्याआधीच मंदावू लागते. मी ठीक आहे की नाही, हे ज्या मेंदूने ठरवायचे तोच बाधित झालेला असतो. खिशात मावणाऱ्या स्वस्त श्वासचाचणी यंत्रांवर विसंबून गाडी सुरू करणे तर मला अक्षम्य वाटते.

दोघे असतील तर एकजण न पिता गाडी चालवू शकतो. एकट्या प्रवाशाला तो पर्यायच नसतो. म्हणून चाखण्याचा दिवस आणि गाडी चालवण्याचा दिवस वेगळे ठेवावेत आणि हा निर्णय पहिला ग्लास समोर येण्याआधीच घ्यावा. फ्रान्सच्या अल्सास प्रदेशात १९५३ साली आखलेल्या सुमारे १७० किलोमीटरच्या वाइनमार्गावर रिकव्हीर, उनावीर आणि रिबोव्हिले ही गावे मळ्यांतून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यात नदीकाठाने रेल्वे जाते. दक्षिण आफ्रिकेतील फ्रांसहुकमध्ये पाहुण्यांना एका वाइनरीतून दुसरीकडे नेणारी वाइन ट्रॅम आहे. चाखून थुंकणे ही व्यावसायिकांची रीतच आहे आणि त्यासाठी भांडे ठेवलेले असते, तेव्हा संकोच नको. मात्र थुंकूनही थोडे पोटात जातेच, त्यामुळे मी ते गाडी चालवण्याची परवानगी मानत नाही.

प्रश्न : मला मधुमेह असून मी इन्सुलिन घेतो. थोडी वाइन चालेल असे मित्र सांगतात.

मित्रांचे ऐकू नका, डॉक्टरांना विचारा. अल्कोहोलमुळे यकृताची नवी साखर तयार करण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे कित्येक तासांनंतरही रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साखर उतरल्याची लक्षणे नशेसारखी दिसतात आणि सोबत कोणी नसेल तर ती ओळखणारेही कोणी नसते. झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा अन्य कोणत्याही गोळ्या चालू असणाऱ्यांनीही निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : गाडी घेताना काउंटरवर ‘फुल इन्शुरन्स’ घेण्याचा आग्रह होतो. तो घेतला की सगळे नुकसान भरून मिळते का?

नावावर जाऊ नका. टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि कच्च्या रस्त्यावरचे नुकसान अनेकदा वगळलेले असते आणि मळ्यांकडे जाणारे रस्ते पुष्कळदा कच्चेच असतात. मद्यपान करून गाडी चालवल्याचे आढळल्यास संरक्षण सहसा पूर्ण संपते. अटी घरूनच मागवून वाचा आणि शंका असेल तर विमा सल्लागाराला दाखवा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढा.

प्रश्न : डोंगरउतारावरील मळ्यांच्या रस्त्यांवर ऑटोमॅटिक गाडी चालेल का?

चालेल. उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता खालचा गिअर निवडावा. त्या गाडीत तो कसा निवडतात, हे चावी घेतानाच दाखवून घ्यावे.

प्रश्न : विकत घेतलेल्या बाटल्या दिवसभर डिकीत ठेवल्या तर चालतील का?

नाही. उन्हात तापलेल्या गाडीत वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकते आणि चव बिघडते. बाटल्या शेवटच्या दिवशी घ्याव्यात आणि किती नेता येतील, हे आधी सीमाशुल्क विभागाकडून जाणून घ्यावे.