चांगला सरपंच मिळाला तरच गाव सुधारतं का, की लोकसहभाग जास्त महत्त्वाचा?

सरपंचामुळे फरक पडतो, नाही कसं म्हणू. नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी हिवरे बाजारला १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले नसते तर आज त्या गावाचं नाव किती जणांना माहीत असतं? पण तिथंही उसाला बंदी, शेतीसाठी बोअर बंद, हे एकट्याच्या सांगण्यावर चालत नाही हो. शेजारचा रात्री चोरून बोअर मारणार नाही याची खात्री लागते, आणि ती येते दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा हिशोब सगळ्यांसमोर मांडल्यामुळे.

मी इंदूरचा, बँकेत होतो, त्यामुळे मला आमच्या बाजूचंच आठवतं. इंदूरजवळच्या देवासला एके काळी ट्रेनने पाणी आणावं लागलं होतं. त्याच जिल्ह्यातल्या टोंकखुर्दकडे शेतकरी बोअरवर बोअर मारून कर्जात बुडालेले. २००६ मध्ये तिथले कलेक्टर उमाकांत उमराव यांनी आधी गाठले ते मोठे, ट्रॅक्टरवाले शेतकरी, कारण पाणी जास्त उपसायचेही तेच (हे मला फार हुशारीचं वाटतं, नाहीतर सगळे उपदेश गरिबालाच). थोडी जमीन सोडा, तिथं स्वखर्चाने तलाव खोदा, एवढंच सांगणं. सरकारची शेततळ्यांसाठीची बलराम ताल योजना, अनुदान वगैरे नंतरचं. एका पाटीदार शेतकऱ्याकडे गेलो होतो तर भर उन्हात तलावाच्या बांधावर बसून जेसीबीचे तास वहीत लिहून घेत होता, म्हटलं ड्रायव्हर लिहील की, तर म्हणाला, "पइसो म्हारो लाग्यो हे साब" (पैसा माझा लागलाय). त्याच गावात सरकारी तलावाचा बांध फुटून दोन पावसाळे झालेले, तिकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

म्हणून माझं मत, गावकऱ्याचं स्वतःचं काहीतरी, पैसा म्हणा, श्रम म्हणा, कामात गुंतलेलं असलं की तो आपोआप विचारायला येतो, आणि मग सरपंच साधारण असला तरी निभतं. नुसतं सभेला या म्हणून कोण येतंय. एका ग्रामसभेला मी कर्जाची माहिती द्यायला गेलो होतो, सरपंच बाई होत्या पण खुर्चीवर त्यांचे मिस्टर, सतरंजीवर सात-आठ म्हातारे, आणि हजेरीचं रजिस्टर घेऊन एक पोरगा सायकलवर घरोघरी सह्या गोळा करत फिरतोय. परत आला आणि रजिस्टर माझ्याच पुढे धरून म्हणतो, "सर, आप भी कर दो, कोरम कम पड़ रहा है."