सुपरपॉवरच्या थ्रिलरमध्ये पहिला पाऊण तास शक्तीच दिसत नसेल, तर तो वेळ वाया गेला असं नाही का?

तुमचं म्हणणं असं की शक्ती दाखवायचीच आहे तर ती लवकर दाखवावी, उगाच ताटकळत कशाला ठेवायचं. मला नेमकं उलट वाटतं. ते का, हे एकाच चित्रपटाच्या आधारे सांगतो: एम. नाइट श्यामलनचा २००० सालचा 'अनब्रेकेबल'. शेवटचा धक्का फोडत नाही, पण मधले काही प्रसंग सांगावेच लागतील.

फिलाडेल्फियाला निघालेल्या रेल्वेला अपघात होतो. १३१ माणसं जातात आणि डेव्हिड डन (ब्रूस विलिस) एकटा वाचतो, अंगावर साधा ओरखडाही नाही. अपघात आपल्याला दाखवतच नाहीत. दिसतं ते हॉस्पिटल. मागे डॉक्टर डेव्हिडशी बोलतायत आणि अगदी पुढे, आपल्या डोळ्यांसमोर, दुसऱ्या एका जखमीच्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचा डाग पसरत चाललाय. माणसाचं शरीर किती सहज संपतं, हे आधी मनात बसतं. ते बसल्याशिवाय 'याला काहीच झालं नाही' या वाक्याला वजन येत नाही.

पुढे त्याच्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी मिळते: आयुष्यात तुम्ही किती दिवस आजारी होतात? हा स्टेडियमवरचा साधा सिक्युरिटी गार्ड. तो साहेबांना विचारतो, मी आजारपणाची रजा कधी घेतली होती का? साहेबांना वाटतं, हा पगारवाढ मागतोय, आणि ते वाढ देऊन टाकतात! शक्तीचा पहिला पुरावा रजेच्या हिशेबातून येतो. बायकोला विचारतो, तिलाही नीट आठवत नाही. आपणही स्वतःच्या आजारपणांचा हिशेब करू लागतो.

मग तळघरातला प्रसंग. डेव्हिड वजनं उचलतोय, मुलगा जोसेफ मदतीला. वजन कमी कर म्हटलं तर पोरगा गुपचूप वाढवतो. बाप ते उचलतो. मग दोघं मुद्दाम वाढवत जातात. लोखंडी चकत्या संपतात तेव्हा रंगाचे डबे बांधतात. सोळा वर्षांच्या भाच्याबरोबर मी हा चित्रपट पुन्हा पाहिला. तोवर तो चुळबुळत होता, इथे मात्र मोठ्याने विचारायला लागला, 'आता किती झालं?' साडेतीनशे पौंड, म्हणजे जवळपास १६० किलो. आजच्या चित्रपटांत लोक इमारती उचलतात आणि आपल्याला काही वाटत नाही, कारण त्या माणसाला किती झेपतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. इथे आपण प्रत्येक डबा मोजलेला असतो.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो स्वयंपाकघरातला प्रसंग. वडिलांना काही होणार नाही याची खात्री पटलेला जोसेफ त्यांच्यावर पिस्तूल रोखतो. इथे खलनायक कुणी नाही, फक्त एका मुलाचा विश्वास आहे, आणि त्या विश्वासापायी बाप मरू शकतो. आपल्यालाही अजून ठामपणे माहीत नाही ना! शक्ती दहाव्या मिनिटाला सिद्ध झाली असती तर हा प्रसंग लिहिताच आला नसता.

दुसऱ्या बाजूला ती चिठ्ठी पाठवणारा एलायजा (सॅम्युएल एल. जॅक्सन), ज्याची हाडं जन्मापासून काचेसारखी. एका माणसाकडे पिस्तूल असल्याचं डेव्हिडला नुसतं जाणवलं होतं. ते खरं का, हे पाहायला एलायजा त्या माणसामागे जिने उतरतो आणि कोसळतो. हातातली काचेची काठी फुटते, हाडं मोडतात, पण पडल्या पडल्या त्याला पिस्तूल दिसतं. एकाची शक्ती खरी ठरते ती दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडांवर.

संथ म्हणजे आपोआप चांगलं, असं मी म्हणत नाही. नुसते लांबवलेले चित्रपट मलाही सोसत नाहीत. इथे प्रत्येक प्रसंगानंतर आपला अंदाज थोडा सरकतो, म्हणून संथपणा पेलतो. आणि याच चित्रपटाचा शेवट मला घाईचा वाटतो: पुढे काय झालं ते पडद्यावरच्या दोन ओळींत उरकलंय. इतक्या सबुरीने बांधलेल्या गोष्टीला ते शोभत नाही.

पण त्याच्या थोडं आधीची सकाळ बघा. रात्री डेव्हिडने पहिल्यांदा कुणालातरी वाचवलंय. आई पाठमोरी काम करतेय. बाप टेबलावरून वर्तमानपत्र मुलाकडे सरकवतो, त्यात टोपी ओढलेल्या अनोळखी माणसाचं चित्र आहे. 'तुझंच बरोबर होतं,' तो हळूच म्हणतो. पोराचे डोळे भरतात आणि बाप ओठांवर बोट ठेवतो, आईला कळू नये म्हणून.