थंडर बेला या, पण आधी नोकरीवर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही सांगलीत वेल्डर, वहिनी सहा वर्षं घरून फराळ आणि डबे करतात. ग्रामीण योजनेतून (लहान शहरांत नोकरी देऊन परदेशी कामगारांना कायमचं राहू देणारी सरकारी योजना) कॅनडात थंडर बेला यावं आणि वहिनींनी लगेच डबे सुरू करावेत, की मित्र म्हणतो तसं टोरोंटोजवळचं ब्रॅम्प्टन गाठावं, असं विचारलंय. मी इस्लामपूरची, २०२१ पासून इथे आहे. माझं मत विचाराल तर थंडर बेलाच या. पण नोकरीवर या, धंद्याचं दोन वर्षांनी बघू.

मी आले ती जुनी योजना ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये १४ ठिकाणांसाठी नवी आली, त्यात थंडर बे आहे. शहराने मान्यता दिलेल्या मालकाकडूनच नोकरीचं पत्र लागतं, मग शहर शिफारस करतं, मग सरकारकडे अर्ज. गेल्या तीन वर्षांत १,५६० तासांचं पगारी काम दाखवावं लागतं आणि स्वतःच्या धंद्याचे तास त्यात धरत नाहीत. म्हणजे वहिनींची सहा वर्षांची मेहनत इथे कागदावर शून्य. वाईट वाटेल, पण म्हणूनच अर्ज तुमच्या नावाने करा. पगार रोख मिळत असेल तर आजपासून बँकेत घ्या, शेठकडून कामाचं सविस्तर पत्र घ्या. आणि नोकरीच्या पत्रासाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. ते बेकायदा आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने घरचं सोनं गहाण ठेवून एका एजंटाला पैसे दिले. पत्र खोटं निघालं, सोनंही गेलं.

ब्रॅम्प्टनला आपली माणसं भरपूर, पण भाडं आणि चढाओढही तशीच. थंडर बेची वस्ती लाखाच्या थोडी वर, सुपीरियर नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठावर. टोरोंटो १,४०० किलोमीटर, विनिपेग ७००. तूरडाळ, पोहे, बेसन सगळं ट्रकनेच येतं आणि हिमवादळात हायवे बंद झाला की दुकानाची फळी रिकामी. जानेवारी २०१६ मध्ये निपिगॉन नदीवरच्या नव्या पुलाचा भाग वर उचलला जाऊन पूल बंद पडला तेव्हा कॅनडाच्या पूर्व-पश्चिम भागांना जोडणारा रस्ताच तुटला होता, असं इथले लोक अजून सांगतात. इथे खाण्याचा धंदा करायचा तर महिन्याचा माल घरात हवा.

माझी चूक सांगते, म्हणजे वहिनी ती करणार नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात मी शिकायला आलेल्या मुलांना घरून वरण-भात-भाजीचे डबे द्यायला लागले. आरोग्य खात्याची बाई आली, शांतपणे सगळं बघितलं आणि बंद करायला सांगितलं. तिचं बरोबर होतं. ओंटारिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, २०२० पासून बिस्किटं, लोणचं असे कमी जोखमीचे पदार्थ घरून विकायला नियम सैल आहेत, तरी आरोग्य खात्याला आधी कळवावं लागतं. शिजवलेल्या डब्यांना तपासलेलं किचन लागतं. मी एका चर्चचं किचन तासावर भाड्याने घेतलं. धंद्याचं नाव नोंदवायला ६० डॉलर लागले. सलग चार तिमाहींची विक्री ३०,००० डॉलरच्या वर जाईपर्यंत विक्रीकराची नोंदणी सक्तीची नाही. वहिनींना काम करायचा कुठला परवाना मिळतो आणि त्यावर धंदा चालतो का, हे मात्र निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

धंद्याला भांडवलापेक्षा ओळख जास्त लागते, हे मी शनिवारच्या बाजारात शिकले. माझ्या टेबलावर नानकटाई होती, दोन तास कुणी फिरकलं नाही. मग एक फिनिश आजी थांबली, डबा नाकाशी नेला आणि म्हणाली, "वेलदोडा!" त्यांच्या पुल्ला नावाच्या गोड पावात वेलदोडाच असतो. तिने दोन डबे घेतले. पुढच्या शनिवारी तिच्या तीन मैत्रिणी आल्या, त्यातली एक नर्स, आणि तिच्यामुळे हॉस्पिटलातल्या रात्रपाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या.

या फिनिश लोकांचं मला फार कौतुक आहे. जंगलात लाकूड तोडायला आलेली माणसं. १९१० मध्ये त्यांनी स्वतःचा हॉल बांधला आणि १९१८ मध्ये पाच-पाच डॉलर उसने गोळा करून त्यात होइतो नावाची खाणावळ काढली. शंभरहून जास्त वर्षं टिकली ती. डिसेंबर २०२१ मध्ये हॉल जळाला. मी नवीनच होते, पण रस्त्यावर उभं राहून रडणारे म्हातारे बघून माझंही मन भरून आलं. तशीच रीत आजही आहे. पारो नावाची संस्था १९९५ पासून धंदा करणाऱ्या बायकांचे छोटे गट बांधते, आपल्या बचत गटासारखे. गटातल्या बायका एकमेकींच्या छोट्या कर्जाला मान्यता देतात. वहिनींनी भिशी चालवली असेल तर त्यांना काही नवीन वाटणार नाही. आल्या महिन्यातच तिथे जाऊन बसा, धंदा नंतर काढायचा असला तरी.

शहरात भांडणं, भेदभाव नाही असं नाही. ही अनिशिनाबे या मूळ रहिवासी लोकांची भूमी, शेजारीच फोर्ट विल्यम फर्स्ट नेशन ही त्यांची वस्ती आहे. त्यांच्याबद्दल कामावर वाईटसाईट कानावर येईल, त्यात सामील होऊ नका. आपल्याबद्दलही काही जण तसंच बोलतात.

थंडी उणे तीसपर्यंत जाते, रात्री गाडीचं इंजिन गरम ठेवायला विजेची वायर लावावी लागते. मराठी घरं माझ्या माहितीत मोजकी. पहिल्या दिवाळीला वहिनींना फार एकटं वाटेल, तेव्हा आमच्याकडे या. शक्यतो मे-जूनमध्ये उतरा, थंडीआधी घर आणि गाडी होईल.

आज एवढंच करा. तुमच्या कामाचा कोड (कॅनडा सरकार प्रत्येक प्रकारच्या कामाला देतं तो नंबर) शहराच्या चालू यादीत आहे का ते बघा. नसेल तर राजीनामा देऊ नका, मला कळवा, बाकीची १३ ठिकाणं आपण एकत्र बसून तपासू.